देवीची खूण आणि कल्हई

आपा, दुकानाची खिडकी उघडी आहे. तुम्ही असतात तर एव्हाना ओरडला असतात, "ए मुके, लाव ती. धूळ बसतीया की मालावर." धूळ बसते हे खरं आहे. रोज सकाळी फडक्यानं पुसून काढते. पण वारा आला की दोरीला बांधलेल्या बांगड्या एकमेकींवर वाजतात आणि मला वाटतं, तुम्ही आतल्या खोलीतून बाहेर आलात. मान वर करून बघते. मग परत पुसायला लागते.

परवा तुमचा चाळिसावा झाला. कागलहून शबाना आली होती, जावईही आले. फातिहा झाला, जेवणं झाली, माणसं पांगली. शबाना म्हणाली, "अम्मी, आता माझ्याकडंच चल." मी म्हटलं, दुकान कोण बघणार? ती म्हणाली, "आपाफुफीच गेल्या, आता कसलं दुकान?" माझ्या लेकीचं तरी काय चुकलं. दुकान म्हणजे तुम्ही, असंच सगळ्या गल्लीला वाटतं. मलाही तसंच वाटत होतं.

मला चौथीपर्यंतच शाळा. लिहायला बसलं की बोटं अवघडतात. पण इतकी वर्षं घरात तुम्ही बोलायचात आणि मी ऐकायची. आता बोलणारं कुणी उरलं नाही. तोंडानं मला जमत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून हे लिहून बघते. कुणाला दाखवायचं नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही दुकानात बसला होतात. माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, तरुणपणीच नवरा गेल्यामुळं माहेरी परत आलेल्या, आणि वडिलांनंतर बांगड्यांचं दुकान एकट्यानं चालवणाऱ्या. तुम्ही माझा हात ओढून घेतलात, अंगठा तळव्यात दुमडलात, हाडं दाबून बघितलीत. मी आखडून बसले होते. तुम्ही म्हणालात, "बोलत न्हाईस तर न्हाईस, हात तरी ढिला सोड की." तेव्हापासून मी मुकी. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला लागलं असतं.

माझा नवरा गेल्यावर घरातच बसून काढायचे इद्दतीचे दिवस संपले, आणि दुसऱ्याच सकाळी तुम्ही मला दुकानात बोलावलंत. माझे हात मोकळे होते. बाहेर दोन बायका उभ्या होत्या, बघत होत्या. तुम्ही काचेच्या दोन साध्या बांगड्या काढल्यात आणि त्यांच्या देखत माझ्या हातात घातल्यात. त्यातली एक म्हणाली, "आपा, असं चालतंय व्हय?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "दुकानात बसणार हाय ती. बांगडीवालीचाच हात मोकळा दिसला तर तू घेशील का माझ्याकडनं?" तुमच्या स्वतःच्या हातात मात्र तुम्ही कधी एक बांगडी घातली नाहीत. का, ते विचारायचं राहून गेलं. आता कुणाला विचारू?

मग तुमच्या बोटांचे सांधे धरायला लागले. सकाळी उठलात की मुठी वळायच्या नाहीत. चहाची कपबशी दोन्ही तळव्यांत धरून प्यायचात. शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली. त्यांनी आपल्याला समजावून सांगितलं होतं की शरीराची रोगाशी लढायची ताकदच उलटून तुमच्या सांध्यांवर उठली आहे, ही गोळी ती ताकद दाबून ठेवते. सांधे सुटतील, पण बाहेरचा रोग आला तर लढायलाही ताकद कमी पडेल, तेव्हा जपायचं. तुम्ही म्हणालात, "हात चालायला पायजेत बाई. बाकीचं बघू."

हात चालायला लागले. आणि हात धरणं हाच तर आपला धंदा. दिवसभर कुणाचा ना कुणाचा हात तुमच्या हातात. समोरची बाई इतकी जवळ बसलेली की तिनं काय खाल्लंय तेसुद्धा कळावं. पुढं केलेला हात मोकळा परत पाठवायचा नाही, हा माझ्या सासऱ्यांचा, तुमच्या वडिलांचा नियम तुम्ही पाळलात. पैसे नसले तरी दोन बांगड्या घालून पाठवायच्या. तुमच्या या नियमानं किती जणी हसत घरी गेल्या. आणि याच नियमावरून आपलं भांडण झालं, ते अजून संपलेलं नाही.

आधी डोसची गोष्ट लिहिते, म्हणजे हसू येईल. लशीचे पहिले दोन डोस झाले होते आणि तिसरा घ्यायला आपण दोघी दवाखान्यात गेलो होतो. कोरोनाची भीती तेव्हा ओसरत आली होती, दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, एका बाटलीत दहा जणांचा डोस असतोय. दोघींसाठी फोडली तर बाकीचा वाया जाईल. अजून माणसं घेऊन या." मी म्हटलं, चला आपा, परत कधीतरी येऊ. तुम्ही पदर खोचलात आणि गल्लीत शिरलात.

"ए पारू, तुझा तिसरा झाला का? न्हाय? चल. संक्रांतीला बांगडी भरायला माझ्याकडंच येणार हाईस न्हवं?" पारू आली, तिची सासू आली. न्हाव्याला तुम्ही अर्ध्या दाढीवरून उठवत होतात, तो म्हणाला, गिऱ्हाईकाची पुरी करून येतो. तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईकालाबी आण." आणि तो एक परगावचा माणूस, आपल्याला नुसता पत्ता विचारायला थांबलेला. "पावणं, तुमचा झालाय का?" तो म्हणाला, नाही. "मग आधी सुई, मग पत्ता." तो बिचारा खरंच आला. बाटली फुटली. सिस्टर हसून हसून बेजार झाल्या होत्या.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी आठवड्याची गोळी थोडे दिवस थांबवायला सांगितली, डोस अंगी नीट लागावा म्हणून. तुमचे हात परत आखडले. तुम्ही मला पुढं बसवलंत आणि मागून सांगत राहिलात. "अंगठा आत. हाड दाब, मांस न्हाय. बांगडी ढकलू नगंस, हात फिरव." एका पोरीच्या हातात माझी बांगडी वाढली, म्हणजे फुटली. ती रडायला लागली, मीही रडवेली झाले. तुम्ही तिला चॉकलेट दिलंत, मला दिलं नाहीत. पण त्या दिवसांत मी बांगडी भरायला शिकले. आज दुकानात बसायची हिंमत आहे ती त्या डोसामुळं. माप मात्र मला कधी नजरेनं ओळखता आलं नाही. तुम्ही बाई पायरीवर असतानाच सांगायचात, हिला दोन-सहा, हिला दोन-चार. मी विचारलं की म्हणायचात, "दिसतंय की डोळ्याला." मला दिसायचं नाही. मला हात धरावा लागायचा.

यंदा शिमग्याच्या सुमारास आपण डॉक्टरीणबाईंकडं गेलो. शेवटचा डोस कधी झाला, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, झाला की मागं. त्या म्हणाल्या, "आजी, त्याला वर्षं झाली. डोसाचं संरक्षण हळूहळू कमी होतं. सगळ्यांचंच होतं, तुमच्या गोळीमुळं तुमचं जास्त." तुम्ही सरळ पदर सरकवून दंड पुढं केलात. "ही बघा. ल्हानपणी देवी काढलेल्या. खूण पुसली का? सुई एकदा घेतली की घेतली." त्या हसल्या. देवीची लस वेगळी, ही वेगळी, म्हणाल्या. चिठ्ठी दिली. आपण दवाखान्यात गेलो, तर लस आलेलीच नव्हती. आणखी दोन ठिकाणी विचारलं, तिथंही नाही. कुणी मागायलाच येत नाही, म्हणून लसही येत नाही, म्हणाले. या वेळी तुम्ही सगळी गल्ली उठवून आणली असतीत तरी फोडायला बाटलीच नव्हती.

डॉक्टरीणबाई फोनवर मला म्हणाल्या, "लस मिळेपर्यंत भोवतीच्या माणसांनीच त्यांना जपायचं. खिडक्या उघड्या ठेवा. गर्दीत मास्क. खोकणाऱ्या माणसाला जवळ बसू देऊ नका. ताप आला तर त्याच दिवशी माझ्याकडं, उद्या बघू म्हणायचं नाही." भोवतीची माणसं म्हणजे कोण, आपा? मी एकटी. आणि मी मुकी.

त्या दिवशी रिक्षात मी तुम्हाला कल्हईचं सांगितलं. माझे वडील कल्हई लावत गावोगाव फिरायचे. भाता मारायचं काम लहानपणी माझं होतं. भांडं तापलं की नवसागराचा पांढरा धूर उठायचा, आणि कथील फिरलं की आतून चांदीसारखं चमकायचं. पण वापरता वापरता ते उडतं. भांडं तेच, चांगलं, दणकट. बाहेरून कळतसुद्धा नाही. त्यात ताक ठेवलं की मात्र कळकतं, पोटात गेलं तर बाधतं. मी म्हटलं, आपा, तुमचा डोस देवीसारखा नाही, कल्हईसारखा आहे. उडाली की परत लावायची. आणि कल्हईवाला येईपर्यंत त्या भांड्यात आंबट ठेवायचं नाही. तुम्ही रिक्षावाल्याला म्हणालात, "ऐकलंस का रं, ही मला भांडं म्हणतीया." तो हसला. पण तुम्ही थोड्या वेळानं दंडावरच्या खुणेवरून बोट फिरवत होतात, ते मी बघितलं.

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर बांगड्यांची पेटी घेऊन जायचं तुम्ही ठरवलंत. यात्रेची ती गर्दी. मी तुमच्या चपला लपवल्या. तुम्ही घर डोक्यावर घेतलंत. त्या तांदळाच्या डब्यामागं सापडल्यावर माझ्याकडं बघत राहिलात आणि म्हणालात, "तोंड न्हाय म्हणून हातानं बोलतीस व्हय?" पण गेला नाहीत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. ते आज मानते.

मग लगीनसराई आली. टीव्हीवर सांगत होते की कोरोना परत आलाय, पण सौम्य आहे. सौम्य म्हणजे कुणाला, ते कुणी सांगितलं नाही.

ती नवरीमुलगी आई, मावश्या, बहिणी अशी सगळी फौज घेऊन आली. खोली भरली. दोघी-तिघी खोकत होत्या. मी खिडकी उघडली. मी म्हटलं, उद्या सकाळी आलात तर बरं होईल. माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. तुम्ही म्हणालात, "काय पुटपुटतीस? अक्षता उद्या हाईत, चुडा काय परवा भरू?" आणि पोरीचा हात घेतलात. घेतल्या घेतल्या तुम्हाला कळलं. "हात तापलाय गं तुझा." ती म्हणाली, "काल हळद झाली न्हवं आजी. जागरण हाय." तुम्ही क्षणभर थांबलात. मी बघत होते, आपा, तुम्ही थांबलात. मग हिरवी बांगडी उचललीत. तोंडावरचा मास्क तर गाणं म्हणायला कधीच खाली ओढला होतात. चुडा भरताना तुम्ही गाणार नाही, असं कधी झालं आहे का?

सगळ्या गेल्यावर मी पहिल्यांदा तुमच्यावर आवाज चढवला. कल्हई उडाली आहे म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही त्यातच आंबट ओतताय, असं काहीतरी म्हणाले. तुम्ही टाळी वाजवलीत. "बोलली गं बाई, मुकी बोलली. ऐकू आलं व्हय गल्लीला?" मी रडायला लागल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवलात. "नवरीचा हात हुता, नजमा. कसा परत पाठवू? लगीनसराई संपू दे. मग तू म्हणशील तशी बसतो, तोंडाला फडकं बांधून." तुम्ही मला नावानं हाक मारलीत. मी पुढं बोललेच नाही. मला अजून बोलायचं होतं.

ते दुखणं त्या पोरीच्या हातून आलं की आणखी कुणाच्या, मला माहीत नाही. शोधायचंही नाही. तिचा संसार सुखाचा होवो. तुम्हाला ताप आला त्याच दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडं नेलं, तेवढं मी ऐकलं होतं. त्यांनी तपासलं, कोरोनाच निघाला, औषध सुरू झालं. तरी छाती भरत गेली. हॉस्पिटलात आठवड्याची गोळी बंद केली होती, त्यामुळं बोटं परत सुजली. तोंडावर ऑक्सिजन, बोलता येईना. आपा, तुम्ही मुक्या आणि मी बोलणारी, असं पहिल्यांदा झालं. मी काय काय बोलत होते. माल कुठला संपलाय, पारू विचारत होती, खिडकी बंद केली आहे. खोटंच सांगितलं. तुम्ही माझा हात ओढलात आणि सुजलेलं बोट माझ्या बांगडीवरून फिरवत राहिलात. मला वाटलं, माया करताय. नंतर घरी आल्यावर बघितलं, बांगडीला तडा गेला होता. तुम्ही तो शोधत होतात. हाताला लागेल, काढ, असं सांगत होतात.

गुसलाच्या, तुमच्या शेवटच्या अंघोळीच्या वेळी मी होते. मास्क लावून, हातमोजे घालून. सगळे म्हणाले, नजमा, तू नको. मी मान हलवली नाही, जागची हललेही नाही. तुमच्या बोटांवरून पाणी घातलं. इतक्या वर्षांत आपण हजार वेळा एकमेकींचा हात धरला असेल, आणि शेवटचा धरला तेव्हा मधे रबर होतं. गार होता की कोमट, मला कळलं नाही.

घरी माणसं खूप आली. पहिल्या कोरोनात लोक भीतीनं कुणाच्या दारात येत नव्हते. या वेळी न घाबरता आले, मांडीला मांडी लावून बसले, आणि म्हणाले, वय झालं होतं. म्हणाले, कोरोना आता कुठं राहिलाय, निमित्त झालं. मी पाणी देत राहिले.

आज दुकान उघडलं. सुमनमावशी येऊन बसल्या. भाजीचा गाडा आता त्यांच्यानं होत नाही. कॅन्सरची औषधं चालू आहेत, केस गेलेत, डोक्याला स्कार्फ असतो. तुमच्याशी गप्पा मारायला यायच्या तशाच आल्या, तोंडाला मास्क लावून, आणि तुमच्या बसायच्या पाटाशेजारी टेकल्या. मी पाटावर बसले नाही, खाली बसले. तुमच्याशिवाय आम्हाला एकमेकींशी काय बोलायचं ते माहीत नाही.

तेवढ्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन पायरी चढली. साखरपुडा आहे म्हणाली. मुलगी रुमालात खोकत होती, नाक लाल झालेलं. तिनं आत यायच्या आधीच हात पुढं केला. सुमनमावशी मागं सरकल्या, पण मागं भिंत होती.

मी उठले आणि दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "तिथंच थांब पोरी. आज हात धरता येणार न्हाय."

आई म्हणाली, "का? सुतक हाय का दुकानाला?"

"पोरीला खोकला हाय. आत बसल्यात त्यांना सोसणार न्हाय."

"सर्दी हाय हो साधी. साखरपुड्याचा हात माघारी पाठवताय? आपा असत्या तर असं केलं नसतं."

"आपा न्हाईत," मी म्हटलं. "म्हणूनच सांगतो."

आवाज मोठा आला. समोरचा न्हावी बाहेर येऊन बघायला लागला. मी बाजूला झाले नाही. मग मला तुमचा नियम आठवला. पुढं केलेला हात मोकळा परत पाठवायचा नाही. ती पोर अजून हात पुढं करूनच उभी होती, तो खाली घ्यायचं तिला सुचलं नव्हतं. मी दारातूनच त्या हाताकडं बघितलं. मनगट बारीक, पण अंगठ्याखालचं हाड रुंद. वळले, दोरीवरून हिरव्या दोन बांगड्या सोडवल्या, कागदात गुंडाळून आईच्या हातात दिल्या. "घरी तूच घाल हिच्या हातात, साबण लावून. खोकला गेला की या, बाकीच्या मी भरीन. पैसे तेव्हा."

आईनं कागद ओढूनच घेतला. पण पोरीला दम निघाला नाही. तिनं पायरीवरच कागद सोडला, तोंडात रुमाल धरून अंगठा आत दुमडला, आणि एक बांगडी चढवली. हाडावर जराशी अडली. मी लांबूनच म्हटलं, "ढकलू नगंस. हात फिरव." बांगडी आत गेली. ढिली नाही, घट्ट नाही. दुसरीही गेली. तिनं हात हलवून वाजवून बघितला आणि माझ्याकडं बघून हसली. दोघी पायरी उतरून गेल्या.

सुमनमावशी मागून म्हणाल्या, "माप कसं गं कळलं, हात न धरता?"

मी म्हटलं, दिसतंय की डोळ्याला. आणि तुम्ही ऐकलंत का ते बघायला पाटाकडं वळले.